सोलापूरचं काश्मीर झालं तो दिवस

सोलापूरच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो रसवंतीच्या गाडीवरचा. गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिच्यावर लाकडी मोगरीचे दणके, आणि ग्लासात पडणारे चार खडे. बाकी आमच्या वाट्याला ऊन. फेब्रुवारी सरतो न सरतो तोच लोक तोंडाला टॉवेल गुंडाळून फिरायला लागतात, आणि ते टॉवेल विणणारे आम्ही. म्हणून त्या दुपारी आभाळातून पांढरं काही पडलं तेव्हा शहराला वेड लागलं, यात नवल नाही. अजूनही चहाच्या गाड्यावर तो विषय निघतो. कुणीतरी मोबाईल काढतो, पांढऱ्या रस्त्याचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "काय नजारा होता राव, सोलापूरचं काश्मीर झालं होतं." माझं डोकं सटकतं. मी चहा अर्धा टाकून उठतो. बायको म्हणते, लोकांना काय माहीत, त्यांच्यावर कशाला डाफरायचं? तिचं बरोबर आहे. पण राग काही बरोबर-चूक विचारून येत नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं बोंब मारायची तो. पण आमचं मूळ मेंढरांचं. मी लहान असतानाच वडील गेले. मला वाढवलं चुलत्यानं आणि चुलतीनं, आज या रानात तर उद्या त्या रानात. चुलत्याला मी आप्पा म्हणतो, चुलतीला नानी. मी शाळेच्या नादानं शहरात आलो आणि मागाला चिकटलो. ती दोघं मेंढरांमागं चालतच राहिली. त्यांच्या दोघी मुली लग्न होऊन आपापल्या घरी. आप्पा सत्तरीला टेकला होता, गुडघे कुरकुरत होते. भेटलो की माझं एकच टुमणं असायचं: मेंढरं विका आणि आमच्याकडं राहायला या. दोन खोल्या आहेत, नळ आहे, निदान ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी तरी आहे. आप्पा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मी बसलो की मेलो बग." त्या कळपावर त्याचं चालणं होतं आणि चालण्यावर तो जगत होता. हे मला कळत होतं, तरी मी टुमणं सोडत नव्हतो.

त्या आठवड्यात ती दोघं वळसंगकडून येऊन आमच्या कारखान्यामागच्या रानात उतरली होती. ज्वारी निघाली की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतो. रात्री कळप रानात बसतो, लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, मेंढरंवाल्याला धान्य मिळतं. मी डबा खायला रोज तिकडंच जायचो. त्या वर्षी ऊन लवकर तापलं म्हणून आप्पानं आदल्या दिवशीच सगळी मेंढरं कातरून घेतली होती. लोकरीला हल्ली कुत्रं विचारत नाही. कातरायची ती जनावराला गार वाटावं म्हणून. कातरलेलं मेंढरू फार केविलवाणं दिसतं. काळसर कातडी, तिच्यावर कातरीच्या रेघा, आणि लोकर गेल्यावर कळतं की आत जनावर किती थोडं होतं. "मोकळी झाली बग," आप्पा खूष होऊन म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ हिरवट झालं आणि वारा पडला. माग चालू असले की शेडमध्ये बाहेरचं काही ऐकू येत नाही, तरी पत्र्यावरचा पहिला दणका सगळ्यांनी ऐकला. दाराशी बोराएवढ्या गारा उड्या मारत होत्या. सगळे काम टाकून धावले. आमच्याकडचा एक म्हातारा तेलुगू विणकर टॉवेलची झोळी धरून उभा राहिला आणि गारांना त्याच्या भाषेत "वडगळ्ळु, वडगळ्ळु" म्हणत लहान पोरासारखा हसायला लागला. शिलाईवरच्या बायकांनी गारा वेचून तोंडात टाकल्या. मीही एक टाकली. दातांना झिणझिण्या आल्या. बरं वाटलं.

ते सुख चहा निवेपर्यंतही टिकलं नाही. बोराचं लिंबू झालं आणि लिंबाची मूठ झाली. म्हाताऱ्याच्या मनगटावर एक बसली आणि झोळी सुटली. सिमेंटचा पत्रा फुटून त्याचा तुकडा चालू मागावर कोसळला, ताण्याचे उभे धागे तटातट तुटले. कुणीतरी मेन स्विच पाडला. माग थांबले तेव्हा खरा आवाज कळला. आभाळच कुणी पत्र्यावर ओतत होतं. बायका किंचाळत शिलाईच्या टेबलांखाली शिरल्या, माणसं कापडाच्या गठ्ठ्यांआड. फुटलेल्या पत्र्यातून गारा आत येऊन आपटत होत्या. मी मागाखाली वाकलो होतो आणि तिथं माझ्या ध्यानात आलं: मेंढरं काल कातरलीत.

बॉबिनचा प्लॅस्टिकचा क्रेट डोक्यावर पालथा घातला आणि मागच्या दारानं पळालो. म्हातारा विणकर मागून ओरडला, "मरायचंय काय तुला?"

मोठी गार अंगावर बसते म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. कुणीतरी दगडांनी मारतंय आणि मारणारा दिसत नाही. क्रेटवर ताडताड वाजत होतं, खांदे बधिर झाले, डाव्या हाताचं बोट मोडलं ते मला संध्याकाळी समजलं. मी आभाळाला आईबहिणीवरून शिव्या देत पळत होतो. धसकटांतून पाय घसरत होते. दोनदा तोंडावर पडलो.

कळप रानाच्या मधोमध होता. गारा आल्या की मेंढरू पळत नाही. एकमेकाच्या पोटाखाली डोकं घालून घोळका करून उभं राहतं. अंगावर लोकर असती तर तेवढ्यावर निभावलंही असतं. आता त्या उघड्या पाठींवर गारा बसत होत्या आणि धपधप असा ओला आवाज येत होता. कातडी फाटत होती. एक गुडघ्यावर यायचं, आडवं व्हायचं, की शेजारचं त्याच्या जागी सरकायचं. खाली पांढऱ्यावर रक्त पसरत चाललं होतं. आणि त्या सगळ्या कळपातून एक आवाज नव्हता.

आप्पा कळपाशी नव्हता. पलीकडं कोकरं झाकून ठेवायचं मोठं डालगं पालथं घातलेलं होतं, त्याच्यावर घोंगडी टाकलेली आणि घोंगडीवर आप्पा पालथा पडला होता, दोन्ही हातांनी डालग्याला मिठी मारून. फेटा कुठंतरी गेला होता. टकलावरून रक्ताचे ओघळ कानामागं उतरत होते. मी क्रेट त्याच्या डोक्यावर दाबला आणि त्याच्या अंगावर आडवा झालो. प्रत्येक माराला तो माझ्याखाली कण्हत होता आणि त्याच्याखाली कोकरं जिवाच्या आकांतानं ओरडत होती. मी पण ओरडत होतो, काय ते आठवत नाही.

मग ते थांबलं. जसं आलं तसंच, एकदम. ढग पुढं सरकला आणि पश्चिमेकडून ऊन पडलं.

खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं. रान, बांध, रस्ता, कारखान्यांचे पत्रे, सगळं पांढरं, आणि त्याच्यावर पिवळं ऊन. हवेला असा गारवा मी सोलापुरात कधी अनुभवला नव्हता. एक क्षण मी ते नुसतं बघत बसलो. मग नजर कळपाकडं गेली. निम्म्याहून जास्त मेंढरं आडवी होती. उभी होती त्यातल्या काहींचे डोळे गेले होते.

आप्पा उठून बसला. शिलाईवरचा एक टॉवेल माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता, परदेशी जाणाऱ्या मालातला, तो मी त्याच्या डोक्याला आवळून बांधला. "दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो. त्यानं ऐकलंच नाही. त्यानं डालगं उचललं. कोकरं एकही कमी न होता बाहेर आली, पांढऱ्यावरून घसरत-धडपडत गेली आणि आपापल्या आया हुडकून त्यांच्या आचळांना लागली. आया मेल्या होत्या हे त्यांना कोण सांगणार?

एवढ्यात रस्त्यावर गाड्या थांबायला लागल्या. शहरातल्या सात रस्ता चौकाकडून, कुठून कुठून लोक बर्फ बघायला निघाले होते. एकमेकांवर गारा फेकत होते, पिशव्यांत भरत होते, फोटो काढत होते. चारपाच तरुण बांध ओलांडून रानात आले.

"अरे हे बघ, बर्फात कोकरू," एकजण म्हणाला. "कसलं क्यूट आहे. थांब, रील करतो." त्यानं मोबाईल धरला, मग खाली केला आणि मला म्हणाला, "दादा, ते मेलेलं जरा बाजूला घेता का? फ्रेममध्ये येतंय."

मी जागचा हललो नाही. मग त्यानं स्वतःच वाकून मेंढीचा मागचा पाय धरला आणि ओढली. कोकरानं आचळ तोंडातून सोडलं नाही. तेही तिच्याबरोबर फरफटत गेलं.

मी क्रेट त्याच्या तोंडावर घातला. नाक फुटलं. तो पडला तसा मी त्याच्या छातीवर बसलो आणि मूठभर गारा उचलून त्याच्या तोंडात कोंबल्या, घे, खा तुझं काश्मीर. त्याच्या मित्रांनी मला मागून ओढलं, बरगड्यांत लाथा घातल्या. एकाच्या पोटरीचा मी चावा घेतला. त्या मारानं मला बरं वाटत होतं, कारण इथं मारणारा दिसत होता. त्यांनी मला ठार केलं असतं, नाहीतर मी त्यांच्यातल्या एखाद्याला. तेवढ्यात कारखान्याच्या गेटाकडून नानी आली. कळपाबरोबर चारदोन शेळ्या होत्या; शेरडं हुशार, गारा येताच ती गेटाच्या छपराखाली पळाली होती, आणि त्यांना आवरायला गेलेली नानी तिथंच अडकली होती. तिच्या हातात फांद्या तोडायची कुऱ्हाड होती. ती नुसती आमच्याजवळ येऊन उभी राहिली. पोरं मागं सरली. जाताजाता एकजण म्हणाला, "मेंढरासाठी माणसं मारता काय रे?"

नानी कळपातून हिंडली. प्रत्येक आडव्या मेंढीपाशी वाकली, हात लावला, पुढं गेली. रडली नाही. परत येऊन ती आप्पासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला त्याच्यावर आवाज चढवताना मी बघितलं नव्हतं.

"डालगं कळपाच्या आत का न्हाई सरकवलं? घोंगडी आयांवर का न्हाई टाकली?" ती म्हणाली. "जल्मभर समद्यास्नी सांगत आलासा, आदी आई राखायची. आई जगली तर कोकरू पुन्ना हुतंय. ह्याला बी त्येच शिकिवलं. मंग आज काय झालं तुमास्नी?"

तिचं खरं होतं. हा मेंढरं राखणाऱ्यांचा पहिला धडा, आणि आप्पानं तो काठीच्या मारासकट मला शिकवला होता. दूधपितं कोकरू आईवाचून जगत नाही. तो चुकला होता, आणि असा चुकला होता की नुकतं मेंढरामागं लागलेलं पोरही चुकणार नाही.

आप्पा खाली बघत होता. टॉवेल लाल होत चालला होता.

"आया वरडत न्हवत्या," तो म्हणाला. "गप हुब्या हुत्या. कोकरं वरडत हुती."

नानीनं कुऱ्हाड खाली ठेवली. कोकरांना आता भूक कळायला लागली होती, एकेक आचळ सोडून ओरडायला लागलं होतं.

आप्पा माझ्याकडं वळला. "येतो मी तुज्याकडं," तो म्हणाला. "किती वर्सं झाली म्हंतूयास. न्हे मला."

इतकी वर्षं ज्याची भीक मागितली ते असं पदरात पडलं, आणि मला आनंद नाही, संताप आला. आभाळाचा, रस्त्यावरच्या लोकांचा, माझ्या त्या दोन खोल्यांचा. त्या खोलीत भिंतीला टेकून बसलेला आप्पा मला दिसला आणि मला त्याला नको म्हणावंसं वाटलं. पण नको म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. मी त्याला उठवायला हात पुढं केला.

नानी मध्ये आली. एका हातानं तिनं शेळीचा कान धरून तिला ओढत आणलं होतं, दुसऱ्या काखेत कोकरू होतं. ते तिनं आप्पाच्या मांडीवर टाकलं.

"कुटं निगालासा?" ती म्हणाली. "वाचिवलीसा न्हवं तुमी? मंग पाजा की आता."

शेळी परक्या कोकराला जवळ करत नाही, लाथा झाडते. तिला धरावं लागतं, आणि ते दोन माणसांचं काम असतं. आप्पा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठला, शेळीचा मागचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरला आणि कोकराचं तोंड आचळाला लावलं. ते चोखायला लागलं. त्याचं पोट भरेपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "दुसरं आण."