स्टार्टरच्या पेटीतला माझा डबा

"तिला नका इचारू, ती इंग्लिशमधी सांगती," मोठी मम्मी माझ्या पाठीमागं हळूच म्हणाली.

मोठे पप्पा हसले नाहीत. ते विहिरीच्या काठावर मोटरीपाशी उकिडवे बसून पिशवीतून ग्लँडची दोरी काढत होते. मोटरीचा दांडा पंपात शिरतो तिथं पाणी गळत होतं; झिजलेली दोरी काढून नवी भरायची होती. मोटर आपोआप का सुरू होतेय, असं त्यांनी मला विचारलं होतं. आठवड्यात तिसऱ्यांदा ती कुणी बटण न दाबता चालू झाली होती. मी ऐकलं नाही असं दाखवून बांधाकडं बघत राहिले.

मोठे पप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी मम्मी त्यांची बायको. शेत तेच बघतात. आम्ही मानवतला राहतो आणि सुट्ट्या लागल्या की मी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, येते. आखाडा ते विहीर मधे दोन वावरं. हळदीला पाणी द्यायचं म्हणजे लाईट आली की तिथवर जा, हिरवं बटण दाबा, परत या. त्यांचा गुडघा दुखतो हे ते कधी बोलत नाहीत, पण बांध चढताना ते आधी हातानं मांडी उचलतात. ते बघूनच मी रिमोटचं ठरवलं.

मला वाटलं होतं, इंग्रजीत सगळं लिहिलेलं आहे तर सोपं असणार. परभणीच्या दुकानातून सिग्नल पाठवणारी आणि पकडणारी अशी छोट्या पाट्यांची जोडी आणली. माहितीपत्रकातला प्रत्येक शब्द मला कळत होता आणि एकही वाक्य कळत नव्हतं. अँटेनाची तार किती लांब ठेवायची याची तीन ठिकाणी तीन उत्तरं होती. पाठवणाऱ्या बाजूच्या चिपला आठ पाय फक्त पत्त्यासाठी होते, पकडणारीलाही तसेच. दोन्हीकडं सारखे जोडा, नाहीतर सगळे मोकळे सोडा, असं लिहिलं होतं. मी मोकळे सोडले. आमच्या गावात घरांना नंबर आहेत, पण पोस्टमनला नाव पुरतं. या रानात रिमोट माझ्या एकटीचा, त्याला पत्ता कशाला?

घरात चाचणीला लावलेला बल्ब पेटला. मग किती लांबून चालतो ते बघायला शेतात मी रिमोट डोक्याच्या वर धरून एकेक पाऊल मागं जात राहिले, आणि मोठी मम्मी आखाड्यातून ओरडून सांगत होती की पाव्हणे बघायला आले की पोह्यांच्या जागी हेच पुढं ठेवू. दुसऱ्या दिवशी मोठ्या पप्पांनी फ्यूज काढून स्टार्टरची पेटी उघडली. सिग्नल पकडणारी पाटी मी एका डब्यात बसवली होती; आत हिरव्या बटणाच्या दोन तारांना त्या डब्याच्या दोन तारा जोडल्या. त्यांनी आखाड्यावरून बटण दाबलं, लांब मोटरीचा आवाज आला, आणि त्यांनी रिमोट रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग ती आपोआप सुरू व्हायला लागली.

मोठ्या मम्मीचं म्हणणं, लाईट ये-जा करती म्हणून. मी आधी अँटेनाची तार कापून पाहिली, मग पुन्हा लांब केली. हवेतल्या कसल्यातरी गडबडीनं होत असेल असं वाटून सर्किटला आणखी एक कपॅसिटर लावला. दोन दिवस काही झालं नाही, आणि मी बरोबर होते असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी मोटर पुन्हा चालू. त्या वेळी मी विहिरीवरच होते. बांधापलीकडं शेजारच्या काकूंच्या गोठ्यात अगदी तेव्हाच बल्ब लागला होता. मी बल्ब पाहिला, मोटरीचा आवाज ऐकला, आणि दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध ते मला कळेना.

आज सांगता येतं. काकूंनी गोठ्याच्या दिव्यासाठी त्याच दुकानातून तयार रिमोट आणला होता. दुकानदारानंही पत्त्याचे आठही पाय मोकळे सोडले होते. मोकळं सोडणं हाही एक पत्ताच असतो, आणि तो आमच्या दोघींचा एकच होता. त्यांनी दिव्याचं बटण दाबलं की आमची मोटरही सुरू व्हायची. पण हे पंधरा दिवसांनी कळलं. त्या दिवशी माझ्याकडं फक्त एक बल्ब होता आणि शंका.

दोरी काढायला बसण्याआधी मोठ्या पप्पांनी लाल बटण दाबून मोटर बंद केली होती. आमच्याकडं सगळे तेवढंच करतात. स्टार्टर जोडायचा असेल तर फ्यूज काढतात, पण मोटरीला हात लावायला लाल बटण पुरतं. इतकी वर्षं ते पुरत आलं. माझा डबा पेटीत बसल्यापासून ते पुरत नव्हतं, आणि हे त्या काठावर फक्त मला माहीत होतं. की माहीतही नव्हतं? शाळेत मी उत्तर पूर्ण तयार असल्याशिवाय कधी हात वर केला नाही. अर्ध्या उत्तरावर वर्ग हसायचा. इथं तर अर्धंही नव्हतं. चूक माझी म्हणावी तर कुठली, हे सांगता येत नव्हतं. आणि डबा काढा म्हटलं की रिमोट रुमालातून बाहेर येणार, मोठे पप्पा पुन्हा दोन वावरं चालणार.

मी वाक्य मनात इंग्रजीत जुळवलं, मराठीत आणलं, ते मोडलं.

मोठ्या पप्पांनी हुकानं जुनी दोरी ओढून काढली आणि नवी भरायला दोन बोटं दांड्याच्या फटीशी नेली. बांधापलीकडं काकू डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन गोठ्याकडं निघाल्या होत्या. आत अंधार होता.

"मोठे पप्पा, हात काढा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मोठी मम्मी वळून बघायला लागली. "मोटर माझ्या डब्यामुळं सुरू होतेय. का होतेय ते मला कळलेलं नाही. आधी फ्यूज काढा."