थांबाकाकांची टॉर्च

थांबाकाका खोलीत शिरले की आधी जमिनीकडे बघतात. एसी भिंतीवर छताजवळ असतो, गिऱ्हाईक मान वर करून तक्रार सांगत असतं, आणि हे मात्र काहीतरी हरवल्यासारखे कोपरे न्याहाळत असतात. पलंगाखाली वाकून बघतात, दाराच्या फटीशी हात धरतात, बाल्कनी असेल तर तिथलं पाणी जायचं भोक कुठे आहे ते विचारतात. एका गिऱ्हाइकाने आमच्या मालकांना फोन करून विचारलं होतं, "तुमचा माणूस एसी दुरुस्त करायला आलाय की घर विकत घ्यायला?"

एसी दुरुस्तीच्या ज्या दुकानात ते मेकॅनिक आहेत तिथे मी हिशेब सांभाळतो. आम्ही दोघंही आता निवृत्तीच्या दाराशी आलो आहोत. ते माझ्यापेक्षा फार मोठे नाहीत, पण सगळे काका म्हणतात म्हणून मीही म्हणतो. 'थांबा' हा त्यांचा कामावरचा पहिला, मधला आणि शेवटचा शब्द. कोणी बटणाला हात लावला की थांबा, कोणी पाना उचलला की थांबा. माझ्या बायकोने हे नाव प्रथम ऐकलं तेव्हा विचारलं, "बसचा थांबा असतो तसे का?" मी म्हटलं, "बस तरी कधीतरी निघते."

काका पूर्वी असे नव्हते. जुन्या एसीतला गॅस पेट घेत नसे. त्या काळात काका कानामागे सिगारेट खोचून काम करत. गॅस हवेत सोडून द्यायचा, टॉर्चच्या, म्हणजे गॅसवर पेटणाऱ्या बत्तीच्या, ज्योतीने तांब्याच्या नळीचा जोड तापवून उकलायचा, नवा जोड द्यायचा आणि पुढच्या घरी जायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्या वेळी सगळ्यांचीच होती.

मग नव्या जातीचे एसी आले. त्यांतला गॅस हवेचं नुकसान कमी करतो, पण तो आपल्या शेगडीतल्या गॅसचा सख्खा भाऊ. फरक एवढाच की शेगडीच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो आणि याला नसतो. दुकानाने काकांना प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या बाईंनी एक लहानसा लाकडी जिना मांडला, सगळ्यात खालच्या पायरीवर एक मेणबत्ती लावली आणि वरून एका भांड्यातून काहीतरी ओतलं. भांडं तर रिकामं दिसत होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मेणबत्तीची ज्योत एकेक पायरी चढत वर आली. काकांनी त्या दिवसापासून सिगारेट सोडली. हात मात्र अजून कधीमधी कानामागे जातो, आणि तिथे काही नाही असं कळल्यावर उगाच केस सारखे करून परत येतो.

"पाण्यासारखा विचार करायचा," ते सांगतात. "हा गॅस हवेपेक्षा जड. सांडला की उतार शोधतो, खड्ड्यात साठतो. फक्त ओलं होत नाही, म्हणून माणूस फसतो."

काकांचा मुलगा छापखान्यात आहे. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तो डोळे मिटतो, तेव्हा त्याला या धंद्यात आणायचा विचार त्यांनी लवकरच सोडला. आली ती सून. एकदा सासऱ्यांचा विसरलेला चष्मा द्यायला दुकानात आली होती. तेव्हा एक बोल्ट कोणालाच निघत नव्हता, तो तिने काढून दिला. पुढे ती रीतसर शिकली, परीक्षा दिली आणि काकांबरोबर जाऊ लागली. दुकानात तिला सगळे सूनबाई म्हणतात, मालकसुद्धा. आता गिऱ्हाइकंही म्हणतात.

पेट घेणाऱ्या गॅसच्या कामाला आमच्याकडून दोघं जातात. एकाच्या हाती टॉर्च, दुसऱ्याच्या हाती आग विझवायचं लाल नळकांडं. टॉर्च ज्याच्याकडे, काम त्याचं. दुसऱ्याने फक्त लक्ष ठेवायचं. टॉर्च कोणाकडे द्यायची हे काका ठरवतात, आणि त्यांनी ती आजवर कोणाकडेच दिली नव्हती.

यंदा काकांचे गुडघे बोलू लागले. मालकांनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "काका, या उन्हाळ्यानंतर तुम्ही जिने चढायचे नाहीत. तुमच्यामागे हे काम कोण करणार ते ठरवा. तुम्हाला कोणाचा भरवसा वाटत नसेल तर नव्या गॅसची कामं मी बंद करतो. मला उगाच जोखीम नको."

कामं बंद म्हणजे सूनबाईने पुन्हा एसीच्या जाळ्या धूत बसायचं. हे तिलाही कळत होतं. ती माझ्या टेबलाशी येऊन पाणी पिता पिता म्हणाली, "भाऊसाहेब, तुम्ही तरी विचारा ना त्यांना. मी विचारलं की म्हणतात, अजून थांब. त्यांच्या तोंडात दुसरा शब्दच नाही."

मी विचारलं. काका पाना पुसत होते.

"हात तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे," ते म्हणाले. "पण ती माझं सगळं ऐकते."

"मग चांगलंच की."

"घरात चांगलं. कामावर नाही. उद्या एखादा मालक, एखादा साहेब म्हणेल, चल, आटप लवकर. हिने त्याचंही ऐकलं तर?"



त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्याच घरचा एसी थंड करेनासा झाला. तो नव्या जातीचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं आले. काकांनी रीतीप्रमाणे जमिनीकडे बघितलं. मग सूनबाई स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, शेगडी बंद. आम्ही सांगेपर्यंत चहाचंही नाव नको."

"अगं, तुमच्यासाठीच ठेवत होते."

"म्हणूनच आधी सांगतेय."

तिने आमचे फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला लावले. झोपायच्या खोलीतल्या बटणांना हात न लावता जिन्यातल्या मुख्य डब्यातून तिथली वीज तोडली. दाराच्या बेलवर कागद चिकटवला, 'बेल दाबू नये, हाक मारावी.' खिडक्या, दारं सताड उघडली. शेवटी त्यांनी आपला पंखा आणला. तो टेबलावर ठेवत नाहीत, जमिनीवर ठेवतात, आणि त्याची वायर लांब ओढून बाहेरच्या खोलीत जोडतात, म्हणजे ठिणगी उडालीच तर तिथे. माझी बायको म्हणाली, "आमच्या पायांनाच वारा लागतोय."

"पायांजवळच तर गॅस असतो, वहिनी," काका म्हणाले.

बिघाड बाल्कनीतल्या मोठ्या यंत्रात होता. कॉम्प्रेसरजवळच्या एका जोडातून गॅस झिरपत होता. आमच्या बाल्कनीला विटांचा भरीव कठडा आहे, आणि काकांना तो मुळीच आवडला नाही. "बादलीच आहे ही," ते म्हणाले आणि पंखा तिथे हलवला. सूनबाईने गॅस हुंगायचं यंत्र, गॅस लागला की टकटकणारं, फरशीलगत सगळीकडे फिरवलं. मग उरलासुरला गॅस त्यांनी पंप लावून त्यासाठीच्या टाकीत काढून घेतला. नळ्यांतून नायट्रोजन फिरवला. तो जळत नाही आणि मागे राहिलेलं ढकलून बाहेर काढतो. त्याची नळी कठड्यावरून बाहेर सोडण्याआधी तिने वाकून खाली बघितलं. कोणाची खिडकी नव्हती, कोणी सिगारेट ओढत उभं नव्हतं. हुंगायचं यंत्र गप्प होतं. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं, आणि मी शिस्तीचा माणूस असल्यामुळे मला ते बघायला मजा वाटत होती. आम्ही नवराबायको दोघं आतल्या दारापाशी उभे होतो.

आता खराब जोड कापायचा होता. त्यासाठी हाताने फिरवायचा छोटा कटर असतो. जोड कॉम्प्रेसरला इतका चिकटून होता की कटर फिरायला जागाच नव्हती. काका बुटक्या स्टुलावर बसले होते. गुडघा दुखत होता, ऊन तोंडावर येत होतं. त्यांनी एका बाजूने प्रयत्न केला, मग दुसऱ्या बाजूने. कटर अडकला. "हट्," असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला, आणि मग अगदी सहज, दाढी खाजवावी तितक्या सहज, त्यांचा डावा हात टॉर्चकडे गेला आणि उजवा लायटरकडे.

"थांबा."

आवाज मोठा नव्हता. काकांनी मान वर केली. हा शब्द त्यांना कोणी म्हटल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. इथे तर सून सासऱ्यांना म्हणत होती, तेही आमच्यासमोर. माझ्या बायकोने माझं मनगट धरलं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"तेल, बाबा."

"गॅस काढलाय आपण. तुझ्यासमोरच काढलाय."

"नळ्यांतला काढलाय. कॉम्प्रेसरच्या तेलात मुरलेला राहतो, तो हळूहळू सुटतो. ज्योतीने जोड उकलायचा नाही." ती लाल नळकांडं घट्ट धरून उभी होती. चेहरा उतरला होता, पण नजर हलली नाही. "लायटर आधी खाली ठेवा. मग काय बोलायचं ते बोला."

काकांनी लायटर खाली ठेवला नाही. तिच्या हातात दिला. तिने तो खिशात घातला आणि गॅस काढला होता त्या नळीच्या उघड्या तोंडाशी हुंगायचं यंत्र नेऊन धरलं.

यंत्र गप्पच होतं. काकांनी भुवई वर केली. मला सूनबाईची कीव आली, आता ही तोंडघशी पडते की काय असं वाटलं. ती मात्र तशीच उकिडवी बसून राहिली. थोड्या वेळाने यंत्राने एकदा टक् केलं. मग पुन्हा. मग घड्याळ बिघडल्यासारखं ते टकटकत सुटलं.

काका स्टुलावरून उठले. उठताना त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. त्यांनी सुनेजवळचं नळकांडं घेतलं आणि टॉर्च तिच्या पुढ्यात ठेवली.

"जागा बदल."

"बाबा, मी त्यासाठी नाही म्हटलं..."

"कामावर बाबा नाही. तुझं काम आहे. काय करायचं सांग."

तिने एकदा आमच्याकडे बघितलं, मग यंत्राकडे. "पंखा अजून जवळ घ्या. परत पंप लावू, परत नायट्रोजन. नळी इथे नको, पुढे कापू, जिथे कटर फिरतो तिथे. मधे नवा तुकडा घालू."

"म्हणजे एकाच्या जागी दोन जोड."

"असू देत दोन. मी जोड चांगले देते."

"ते मी म्हटलंच नाही की वाईट देतेस," काका पुटपुटले आणि पंखा सरकवू लागले.

पुढचं सगळं सावकाश झालं. माझ्या बायकोने चहाची आशा सोडून दिली होती. दारातून शेजारच्या काकूंनी हाक मारली, "अहो, बेलला काय झालंय?" त्यांना बायकोने बेलची कहाणी सांगितली. दुसऱ्यांदा यंत्राने बराच वेळ तोंड उघडलं नाही, तेव्हा सूनबाईने नळी कापली, आणि नळीतून नायट्रोजन बारीक सोडून ठेवून मगच टॉर्च पेटवली. ज्योत निळी आणि लहान होती. काका तिच्या मागे नळकांडं घेऊन असे उभे होते की जणू पहिल्यांदाच हे काम बघताहेत. जोड झाल्यावर तिने दाब देऊन साबणाचा फेस लावला, बुडबुडा आला नाही. मग नळ्यांतली हवा काढली आणि एसीवर लिहिलंय तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरला.

ती हत्यारं आवरत असताना मी काकांना बाजूला घेतलं. "मुद्दाम केलंत ना? तिची परीक्षा बघायला?"

"मुद्दाम?" ते म्हणाले. "भाऊसाहेब, एवढा चांगला नट असतो तर नाटकात गेलो नसतो का? हात गेला. कटर अडला की टॉर्च, ही जुनी सवय. मेंदूला पत्ता लागायच्या आत हात पोचला." त्यांचा हात कानामागे गेला आणि केस सारखे करून परत आला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी ओझं खाली ठेवल्यासारखे दिसत होते.

"मालकांना काय सांगणार?"

"हेच सांगणार. माझा हात चुकला आणि तिने अडवला. आणखी काय पाहिजे त्यांना?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात काडेपेटी घेऊन उभी होती. "काका, आता तरी लावू का शेगडी?"

काकांनी तोंड उघडलं. नेहमीचा शब्द ओठांवर आला होता, तो मला दिसला. तो त्यांनी गिळला.

"मला काय विचारता, वहिनी," ते म्हणाले. "तिला विचारा."

सूनबाई यंत्र घेऊन वाकली. बाल्कनीचं भोक, पलंगाखाली, दाराची फट, तिथून स्वयंपाकघराच्या ओट्याखालपर्यंत फरशीलगत चालत गेली. घाई केली नाही. आम्ही तिघंही तिच्यामागून चाललो होतो, कशासाठी ते माहीत नाही.

"लावा," ती म्हणाली.

त्याला आता काही महिने झाले. काका अजून तिच्याबरोबर जातात, पण लिफ्ट असेल तिथेच. स्टुलावर बसतात, नळकांडं मांडीशी ठेवतात आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं की तिच्याकडे बोट दाखवतात. परवा दुकानात फोन आला, मीच घेतला. पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "त्या जमिनीकडे बघणाऱ्या बाई आहेत ना तुमच्याकडे, त्यांनाच पाठवा." मी निरोप काकांना सांगितला.

"आणि माझं काही नाही म्हणाला?" काकांनी विचारलं.

"म्हणाले ना. बरोबर ते आजोबा आले तरी चालतील."

"आजोबा," काका म्हणाले, आणि दिवसभर भेटेल त्याला ते सांगत फिरले.