घटस्फोट सापडला, पण बायको वेगळी!

आमच्या ऑफिसात हसत कोणी येत नसे, आणि तरी हसण्याच्या सगळ्यात जास्त गोष्टी माझ्याच पदरात पडल्या. मैत्रिणी विचारतात, तुला हे किस्से मिळतात कुठे? अहो, मिळतात कुठे काय, जिना चढून येत होते! शारजात रोला भागात पहिल्या मजल्यावर आमचं टायपिंगचं आणि अटेस्टेशनचं ऑफिस होतं. म्हणजे कागद टाइप करायचे, इंडियातून कागद मागवायचे आणि त्यांच्यावर तिकडचे-इकडचे शिक्के मारून घ्यायचे. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले सगळेच करायचे. पण आमचं नाव झालं ते घटस्फोटाच्या कागदांनी. कोर्टातून हुकूमनाम्याची सर्टिफाइड नक्कल काढून आणायची तर अंजलीवहिनींकडे जा, असं अबुधाबीपर्यंत सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. मी होतेच तशी.

जोडीला दाऊदभाई. रत्नागिरीकडचे, सरकारी ऑफिसांत पळापळ करण्यात वाकबगार. तिकडे मुंबईत त्यांचा मावसभाऊ आणि जिल्ह्याजिल्ह्यातले ओळखीचे वकील, असं त्यांचं जाळं. मी खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे, ते पायांनी काम करायचे. माझ्या टेबलावर एक पाटी होती: फॉर्म कॅपिटल लेटर्समध्येच भरा. पाटी कोणी वाचत नसे, म्हणून ती मी मोठ्याने वाचून दाखवायचे.

*

सुरुवातीच्याच दिवसांत एक कॉन्ट्रॅक्टर आले. सोन्याची अंगठी, हातात मोबाइल, तेव्हा मोबाइल म्हणजे केवढं प्रस्थ! म्हणाले, डिक्रीची कॉपी हवी आहे. मी विचारलं, कुठल्या कोर्टाची? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. कोर्टात कशाला जायचं, बायको गावी गेली ती परत आलीच नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मॅडम, ती सहा महिन्यांच्या वर बाहेर आहे. म्हणजे आपोआप कॅन्सल ना?"

आता इथे नवरा स्पॉन्सर होऊन बायकोला जो व्हिसा काढून देतो, तो तसा कॅन्सल होतो, हे खरं. सहा महिने देशाबाहेर राहिलात की खलास. या गृहस्थांनी तोच नियम लग्नाला लावला होता! मी त्यांना समजावून सांगितलं की इंडियात लग्न असं संपत नाही. दाऊदभाईंना राहवलं नाही. ते म्हणाले, "साहेब, वैनींचा व्हिसा गेला असेल. पण स्पॉन्सर अजून तुम्हीच."

*

देवधर फुजैराहून आले. तिथे जहाजांना तेल भरतात त्या टर्मिनलवर नोकरीला. चाळिशीतले, शिडशिडीत, बोलताना चष्मा पुसायची सवय. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये ते अजून विवाहित होते, आणि ते त्यांना दुरुस्त करून घ्यायचं होतं. माणूस इतका व्यवस्थित की डिक्री सोबतच घेऊन आला होता. फाइल उघडली आणि मी कपाळावर हात मारला. डोंबिवलीत कोर्टाचा कागद हातात पडल्या पडल्या त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला होता! तोही एकत्र नाही. एकेक पान सुटं, दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून.

दाऊदभाईंनी एक पान हातात घेऊन उजेडात धरलं. "साहेब, हा डायव्होर्स आहे की हॉटेलचं मेनूकार्ड?"

आपल्या लोकांचा हा रोगच आहे. कागद महत्त्वाचा म्हटला की तो प्लास्टिकमध्ये घालायचा. पण प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही, आणि शिक्का नाही तर तो कागद इथे कोणी हातात धरत नाही. देवधर खजील झाले. आईच म्हणाली, पावसात भिजेल, म्हणून केलं असं म्हणाले. मी त्यांना नवीन नक्कल मागवायचा फॉर्म दिला. त्यांनी तो नाजूक अक्षरात भरून परत दिला. मी म्हटलं, "देवधर, कॅपिटल लेटर्समध्ये." त्यांनी निमूटपणे दुसरा भरला. मला माणूस आवडला.

*

विजया माने दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात हिशेब बघायची. तिचं काम निकडीचं होतं. तिची मुलगी तन्वी सांगलीला आजीजवळ. आजीला आता जिना चढवेना, आणि तन्वीच्या आत्याने निरोप धाडला होता की आई नेत नसेल तर मुलीला आम्ही आमच्याकडे नेऊ. मुलीला इथे आणायचं तर हुकूमनामा पाहिजे, आणि मुलगी आईच्या ताब्यात दिल्याचं वाक्य त्यात पाहिजे. तिच्याजवळ तो नव्हता. सगळे कागद वकिलाकडे ठेवले होते, आणि वकील वारले. शाळा सुरू व्हायच्या आत हे झालं नाही तर मुलगी हातची जाईल, असं ती सरळ म्हणाली. रडली नाही. फॉर्म मात्र असा सुरेख कॅपिटलमध्ये भरला की मी तो इतरांना दाखवायला ठेवला असता.

मी म्हटलं, इन्शाल्ला महिन्याभरात हातात देते. माझा शब्द म्हणजे शब्द!

तिकडून उत्तर आलं: विजया माने नावाची कुठलीच केस नाही. पुन्हा शोधायला लावलं. नाही. तोवर दाऊदभाई रजेवर गावी गेले होते. मी फोन करून त्यांना थेट सांगलीला पिटाळलं आणि सांगितलं, बायकोचं नाव सोडा, नवऱ्याच्या नावाने शोधा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज जरा दबकाच होता.

"वैनी, घटस्फोट सापडला. पण बायको वेगळी आहे."

नवरा तोच, गाव तेच, मुलीचं नावसुद्धा तन्वीच. बायको मात्र कोणी मधुरा! दाऊदभाईंना वाटत होतं की त्या माणसाने दोन संसार केले, आता हे विजयाताईंना कसं सांगायचं. मी फोनवरच हसायला लागले. कारण माझं स्वतःचं पाळण्यातलं नाव शोभा. लग्न लागलं की आपल्याकडे नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि त्या दिवसापासून शोभाची अंजली होते. माहेरी गेल्यावर कोणी शोभा म्हणून हाक मारली तर मीच मागे वळून बघते, कोणाला हाक मारली म्हणून.

विजयाला बोलावलं आणि विचारलं, तुझं सासरचं नाव काय होतं गं? ती म्हणाली, "मधुरा. वहिनी, मला आठवलंच नाही हो. म्हणजे, ती मी होते असं वाटतच नाही."

तिचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढलेला, म्हणून माहेरच्या नावाचा. तेच नाव तिने फॉर्मवर लिहिलं. चूक काही नव्हती, पण त्यापायी महिना गेला होता. मला तिचा राग आला नाही, त्या तांदळाचा आला.

*

हुकूमनामा मिळाला, पण आता तो मधुराचा आणि पासपोर्ट विजयाचा. मग शपथपत्र करावं लागलं. असली शपथपत्रं मी झोपेतही टाइप करू शकते: मधुरा आणि विजया या दोन स्त्रिया नसून एकच आहे, आणि ती मी आहे.

विजयाने ते वाचलं. सही करायला पेन उचललं आणि तशीच थांबली. म्हणाली, "वहिनी, हे मला कोणीतरी आधीच लिहून द्यायला हवं होतं."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

*

इंडियातून कागद यायचे ते कुरियरने नाही, माणसांबरोबर. कुरियरवर आपल्या लोकांचा विश्वास नाही, शेजारणीवर आहे. कोणी ना कोणी मुलीच्या बाळंतपणाला इकडे येतच असतं. तिच्या पर्समध्ये पाकीट द्यायचं, सोबत भाजणीची पिशवी. देवधरांची नवी नक्कल अशीच डोंबिवलीच्या एका मावशींबरोबर आली. मावशी स्वतः ऑफिसात द्यायला आल्या, जिना चढून धापा टाकत. विजया तेव्हा तिच्या शिक्क्यांची चौकशी करायला येऊन बसली होती.

पाकीट उघडं होतं. विमानात वाचायला काही नव्हतं म्हणे. मी काही बोलायच्या आत मावशींनी निकाल देऊन टाकला. "देवधरांचा मुलगा सालस आहे हो. पोटगीचा आकडा तिने मागितला तेवढा कबूल केला, एक शब्द वाईट बोलला नाही. त्या मुलीचंही काही चुकलं नाही, नाही पटलं बिचारीला. वकील तेवढे दोन्हीकडचे आगाऊ!"

जजसाहेबांनी जे सांगायला पानंच्या पानं घेतली, ते मावशींनी एका दमात सांगितलं. मी डोळे वटारले, पण उपयोग काय. विजयाने सगळं ऐकलं होतं. त्या दिवसानंतर पाकिटांना टेप लावायचा नियम मी केला.

*

कागद मिळालेला माणूस परत ऑफिसात पाऊल टाकत नाही, हा माझा अनुभव. देवधर मात्र कागद नेऊन झाल्यावरही येत राहिले. फुजैराहून डोंगर ओलांडून, दर गुरुवारी संध्याकाळी. कधी झेरॉक्स काढायला, कधी एखादा नियम विचारायला. फुजैरात काय झेरॉक्सची मशिनं नाहीत? विजयाही गुरुवारीच येऊ लागली, आणि दोघं दाराजवळच्या बाकड्यावर तास तास बसायची. दाऊदभाई म्हणाले, वैनी, आता बाकडं बदला, हे मोडकळीला आलंय.

तन्वीचा व्हिसा शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात झाला. माझा शब्द जरा लांबला, पण पडला नाही. एअरपोर्टवरून तिला आणायला देवधरांची गाडी होती, आणि मागच्या सीटवर लॅमिनेट केलेली तिच्या शाळेची फी-पावती.

*

वर्षभराने दोघांचं लग्न झालं. सह्या-शिक्क्यांचं लग्न आधी उरकलं होतं, कागद अर्थात माझ्या हातचे. विधी आमच्याच घरी, हॉलमध्ये केले. गुरुजी म्हणजे हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यातले मेंटेनन्स इंजिनिअर. डोंबिवलीहून देवधरांच्या आई आल्या होत्या. बाई मायाळू, दोन दिवसांत तन्वीला त्यांनी मांडीवर घेऊन टाकलं होतं.

लक्ष्मीपूजन झालं. आईंनी हौसेने आणलेलं चांदीचं ताट पुढे ठेवलं, त्यात तांदूळ पसरले, आणि नाव जाहीर केलं: मैथिली. त्यांनी पेढ्यांवर तशा चिठ्ठ्यासुद्धा लावून ठेवल्या होत्या. विजया मान खाली घालून बसली होती. तिच्या हातातला रुमाल मला दिसत होता, पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. पण मी परकी, मी काय बोलणार? दाऊदभाई तर भिंतीकडे बघायला लागले.

आईंनी तन्वीला विचारलं, छान आहे ना गं नाव?

तन्वी म्हणाली, "बट हर नेम इज विजया."

गुरुजींनी हळूच पंचांग मिटलं. विजयाने मान वर केली आणि देवधरांकडे पाहून शांतपणे म्हणाली, "पासपोर्टवर आहे तेच लिहा. आडनावासकट."

देवधरांनी आईकडे पाहिलं नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला. ताट स्वतःकडे ओढलं, तांदूळ तळहाताने नीट सपाट केले, अंगठी हातात घेतली, आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"वहिनी, कॅपिटल लेटर्समध्ये ना?"