सात नंबरच्या कॉम्प्युटरची सुट्टी

हे इथं लिहावं की नको, यात माझे आठ दिवस गेले. कारण या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले... कुणाला पडक्या विहिरीपाशी कोणी दिसतं, कुणाच्या मागे पावलं वाजतात. माझ्या गोष्टीत असं काहीच नाही. भर दुपार, कॉलेजची लॅब, वर ट्यूबलाइट. आणि मी कॉम्प्युटर शिकणारी मुलगी — मशीन सांगितलं तेवढंच करतं, हे पहिल्याच वर्षी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील — आम्ही नाना म्हणतो — आमच्याच गावातल्या भवानी पेठेत एका कारखान्यात यंत्रमाग चालवतात. टॉवेलचा माग. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यांचं बोलणं मी मराठीत सांगते. गेल्या वर्षी मला पुण्यात तीन महिन्यांचं ट्रेनिंग करायचं होतं. नानांचं एकच म्हणणं होतं, "तू दिवसभर काय करतेस ते मला दिसत नाही. संध्याकाळी मी टॉवेलची थप्पी दाखवू शकतो. तू काय दाखवशील? काम दिसलं की पाठवतो."

ते दाखवायची संधी दसऱ्याला आली. आमच्या कॉलेजात जिल्ह्याची ऑनलाइन गेमिंग स्पर्धा होती. सोळा टीम, चौसष्ट खेळाडू. माझं काम खेळाडूंची लॉगिन नावं तपासायचं. खेळाडूनं फॉर्मवर लिहिलेलं नाव आणि गेममधलं नाव तंतोतंत एकच हवं, दोघांचं सारखं नको, नावात शिवी नको. बरोबर असेल तर शीटमध्ये हिरवी टिक. दसऱ्याच्या सकाळी दहाला यादी बंद होणार, आणि त्यानंतर एकाचं जरी नाव वेगळं निघालं तरी अख्खी टीम बाद. काम चोख झालं तर आयोजक मला पत्र देणार होते. ते पत्र म्हणजे माझी टॉवेलची थप्पी.

अडचण एवढीच की तपासायला मोकळा दिवस मिळाला तो खंडेनवमीचा.

त्या दिवशी नानांच्या कारखान्यात मागांची पूजा होते आणि माग बंद राहतात. दुपारी मी निघाले तर नाना दारात. "आज आम्ही मागाला हात लावत नाही. तू मशीनवर बसणार?"

"नाना, तो माग नाही, कॉम्प्युटर आहे."

"विजेवर चालतो ना?"

मी निघून आले.

लॅबमध्ये बघते तर आमचे शिपाई म्हेत्रे मामा ताट घेऊन फिरत होते. वीसच्या वीस कॉम्प्युटरना हळदीकुंकू आणि वरून झेंडूची माळ, चिकटपट्टीनं चिकटवलेली. मी नेहमीच्या सात नंबरवर जाऊन बसले.

"पोरी, ऊठ. आज हात लावायचा न्हाय."

"मामा, फक्त नावं तपासायची आहेत."

"मग वहीत तपास की."

तेवढ्यात शेख सर आले. स्पर्धेची जबाबदारी त्यांच्यावर होती. ते म्हणाले, "मामा, बसू द्या तिला. उद्या दहाच्या आत यादी जायची आहे."

"बसू द्या की. मी कोण सांगणार," मामा म्हणाले. "पर मशीनची आज सुट्टी हाय. उद्या नारळ फुटल्याबिगर उठायची न्हाय ती."

मशीन तर सुरू झालं. मी मनात थोडी हसलेसुद्धा — ते आता आठवलं की कसंतरी होतं. तीन तास तपासत होते. 'आईला_सांगू_नको' हे नाव नियमात बसत होतं, टिक. 'झोपलेला_वाघ', टिक. एका नावाचा अर्थच कळेना, म्हणून मामांना वाचून दाखवलं. ते दारात बसले होते. म्हणाले, "ते बाद कर. आन परत मोठ्यानं वाचू नको." त्या मुलाकडून नाव बदलून घेतलं, मग टिक.

चारच्या सुमाराला चौसष्ट पूर्ण झाली. शेख सरांनी स्वतःच्या मोबाइलवर शीट उघडली. "शाब्बास बेटा, सगळं हिरवं आहे." हे त्यांचे शब्द. मामांनीही ऐकले. नानांना दाखवायला मी स्क्रीनचा फोटो काढला आणि घरी गेले.

दसऱ्याला सकाळी आठला सरांचा फोन. "लावण्या, टिका कुठं गेल्या?"

मी धावतच कॉलेज गाठलं. शीटमध्ये एकही टिक नव्हती. चौसष्ट पांढऱ्या चौकटी. कुणी पुसल्या म्हणावं, तर शीटमध्ये आधीचे सगळे बदल वेळेसकट दिसतात, आणि तिथं शेवटचा बदल अष्टमीचा होता, सरांचा. माझे तीन तास कुठंच नव्हते. कुणी पुसलेले नव्हते... झालेच नव्हते.

"सर, तुम्ही पाहिलं होतं ना?"

"या डोळ्यांनी पाहिलं होतं," सर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

मला रडू येत होतं. पत्र गेलं, पुणं गेलं. मामांनी माळा काढल्या, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बस आता. उठली ती."

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. सर एकेक नंबर वाचत होते, मी गेममध्ये शोधत होते. एकविसाव्या नंबरला आमच्याच कॉलेजची टीम आली आणि माझा हात थांबला. काल इथं 'झोपलेला_वाघ' होता. आज गेममध्ये दिसत होतं 'सोनं_घ्या_१'. पुढचा 'सोनं_घ्या_२'. चौघंही तसेच.

मी त्यांच्या कॅप्टनला, सोहेलला, फोन लावला. "नाव कधी बदललंस?"

"सकाळी आंघोळ झाल्यावर. दसरा हाय की, ताई. आज नवीन नाव नको का?"

"अरे, स्पर्धा आहे आज."

"म्हणूनच की. समोरच्याला मारायच्या आधी सोनं दिलेलं बरं."

आणखी दोन टीममध्ये असंच निघालं. एकानं 'रावण_मीच' घेतलं होतं, दुसऱ्यानं 'आपटा_भाऊ'. सगळ्यांना फोन करून मी शीटमध्ये नवी नावं घातली आणि आता दहापर्यंत नावाला हात लावू नका, दहानंतर तर मुळीच नको, असं बजावलं. दहाला सात मिनिटं असताना यादी गेली. या वेळी टिका टिकल्या.

म्हणजे बघा... आदल्या दिवशीची यादी तशीच गेली असती, तर तीन टीम बाद झाल्या असत्या. त्यात एक आमची. आणि दोष माझ्यावर आला असता, कारण टिका माझ्या.

सगळे गेल्यावर मी सात नंबरच्या कीबोर्डवर आपट्याचं एक पान ठेवलं. कोणी बघत नाही हे आधी पाहून घेतलं.

पत्र मिळालं. नानांना मी सगळं खरं सांगितलं आणि तो फोटोही दाखवला. फोटोत नावं दिसतात, पण टिकांच्या रकान्यावर बरोबर झेंडूची माळ लोंबतेय. एक टिक दिसेल तर शपथ.

नानांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे पत्र तुला नाही, त्या सात नंबरला मिळालंय." आणि पत्राची घडी घालत म्हणाले, "जा पुण्याला. कुठं चुकलं ते सांगितलंस, तेवढं काम दिसलं मला."

यात इंटरनेटचा काही घोळ असेल, असं आमच्या वर्गातले म्हणतात. असेलही. पण मग सरांच्या मोबाइलवर हिरवं कुठून आलं, हे कुणाला सांगता येत नाही. मलाही नाही. या वर्षी स्पर्धा जाहीर झाली तेव्हा शेख सर नोटीस लावता लावता एवढंच म्हणाले, "नावांचं काम अष्टमीलाच संपवायचं."

आणि हो, पुण्यात पहिल्या दिवशी मला दिलेल्या कॉम्प्युटरला मी हात जोडले. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, स्क्रीनवर धूळ आहे का बघतेय.