मरीनातला विधुर

हे फक्त दोन माणसांना ठाऊक आहे. एक मी. दुसरी जी आहे ती कधीच बोलणार नाही, तो तिचा स्वभाव नाही. माझ्या मुलीला माहीत नाही, नागपूरच्या बहिणीला माहीत नाही, इथल्या, अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मित्रांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा — खरं सांगू? — कारण तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात.

कुठून सुरुवात करू? बोटीपासून करतो. बोटीबद्दल बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

शिडाची बोट. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, आत दोन माणसं जेमतेम राहतील एवढी. अ‍ॅशबर्नमध्ये नोकरी करता करता मी शनिवार-रविवारी शिडं हाकायला शिकलो आणि मग हट्टानं ती घेतली. मेधा — माझी बायको — एकदाच आली तिच्यावर. उलट्यांनी बेजार झाली. पुन्हा आली नाही, आणि मीही तिला 'ये' म्हटलं नाही. शनिवार उजाडला की मी गाडी काढायचो आणि सुटल्यासारखं वाटायचं. कशापासून सुटायचो? तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं.

आमची सई कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेधा जेवता जेवता म्हणाली, "अनिल, मला आता एकटीनं राहायचंय."

भांडण नव्हतं. तिसरं कुणी नव्हतं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "आपण दोघं शेवटचं कधी बोललो, ते आठव." मी आठवू लागलो. ती थांबली. वरण निवलं. मला आठवलं नाही.

ऑक्टोबरात मी दोन बॅगा घेऊन बोटीवर राहायला गेलो. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. मित्रांना सांगितलं — वर्षभर बोटीवर राहून बघतोय यार, जुनं स्वप्न आहे. त्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले. काकूंच्या वयाच्या एक-दोघींनी विचारलं, मेधाला चालतं का रे हे? चालतं, म्हणालो.

चेसापीकच्या उपसागरातल्या एका आडबाजूच्या खाडीतला तो मरीना, म्हणजे खाजगी बोटी बांधून ठेवायचा धक्का. उन्हाळ्यात गजबजलेला, पण थंडी पडली की लोक बोटी बंद करून घरी जातात. मागे राहतात ते ज्यांचं घरच बोट आहे असे. आम्ही मूठभर होतो. बोटींवर पांढरं प्लॅस्टिक ताणून बांधलं जातं, आणि मग माणूस दुधाळ उजेडाच्या पिशवीत राहतो — आकाश दिसत नाही, फक्त उजाडलं की मावळलं एवढं कळतं. श्वासाचं पाणी होऊन भिंतींवरून ओघळतं. गादी खालून ओली होते. कडक थंडीत धक्क्यावरचे नळ बंद करतात, पाइप फुटू नयेत म्हणून, मग किनाऱ्यावरच्या न्हाणीघरातून कॅन भरून आणायचे. बोटीच्या अंगाला बर्फ घासतो आणि आत बसलेल्या माणसाला वाटतं, कुणीतरी बाहेरून नखानं खरवडतंय. दिवसच्या दिवस मी मोठ्यानं एक शब्द बोलायचो नाही. मराठी तर नाहीच. कधीकधी भात शिजला का ते बघताना स्वतःशीच म्हणायचो, "झाला वाटतं." आपलाच आवाज ऐकून दचकायचो.

असा एकटेपणा सोसला, म्हणून पुढचं केलं — असं मला म्हणायचं नाही. बाकीचेही एकटेच होते. त्यांनी नाही केलं.

डेनिस नावाची एक बाई होती. ती आणि तिची मांजर बरीच वर्षं तिथं राहत होती. थंडीत सगळ्यांना आठवड्यातून एकदा मरीनाच्या छोट्या हॉलमध्ये जमवायची. ज्यानं त्यानं काहीतरी शिजवून आणायचं. पहिल्याच खेपेला तिनं मला सहज विचारलं, बायको नाही का येणार? मी म्हणालो, "शी इज गॉन."

मराठीत मनात आलं होतं — ती गेली. म्हणजे सोडून गेली. तेच इंग्रजीत तोंडून निघालं. डेनिसनं हात तोंडावर नेला. "ओह, हनी," म्हणाली आणि मला मिठी मारली.

इथपर्यंत माझी चूक नव्हती. भाषेची होती म्हणू. पण मिठी सुटल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले — आणि माझ्याजवळ एक पूर्ण क्षण होता. 'नाही नाही, तसं नाही' एवढंच म्हणायचं होतं. हसण्यावारी गेलं असतं.

मी मान खाली घातली.

का? हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. बायकोनं सोडलेला पन्नाशीचा माणूस — लोक त्याच्याकडे बघून मनात हिशेब मांडतात, काय केलं असेल यानं? आणि ज्याची बायको वारली, त्याला सूप आणून देतात. मला सूप हवं होतं. हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं जास्त वाईट आहे, तेही सांगतो. ती मेली असं म्हटल्यावर मला बरं वाटलं. राग कुठंतरी ठेवायला जागा मिळाली. तिनं मला नको म्हटलं होतं. मी तिला नाहीशीच करून टाकलं.

आणि मग सूप आलं. स्वेटर आला. कुणीतरी माझ्या बोटीचं प्लॅस्टिक नीट बांधून दिलं. डेनिस विचारायची, "तुझी मुलगी कशी आहे, बिचारी?" मी म्हणायचो, "ती धीराची आहे." सई तिकडे मजेत होती. रविवारी आईशी तासभर फोनवर बोलायची, मग मला पाच मिनिटं. "आय अ‍ॅम गुड, बाबा. यू ओके?" मी ओके म्हणायचो.

आता वॉल्ट. त्याच्याविषयी मला नीट सांगायचंय.

माझ्या शेजारची बोट त्याची. सत्तरीचा, लांबोडका, एका हायस्कुलात सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, रूथनं, घर विकून बोट घेतली होती. दोघं बहामा बेटांकडे जाणार होते. निघायच्या आधीच रूथचा कॅन्सर सापडला, आणि ती त्याच वसंतात गेली. वॉल्ट तिथंच थांबला. बोट तयार, आत सगळं सामान भरलेलं, पण दोरी सोडायचं धैर्य होत नव्हतं.

डेनिसनं त्याला माझ्याबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या बोटीवर टकटक केली. हातात कॉफीचा थर्मास. बसला. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून माझ्यापुढे धरली. मग म्हणाला, "बाकीचे चांगले आहेत. पण त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे."

मी मान हलवली. मला काय माहीत होतं?

त्यानंतर तो रोज यायचा. रूथबद्दल बोलायचा — इतकं, की मी तिला ओळखायला लागलो. ती कशी शीळ घालायची, नकाशा उलटा कसा धरायची. अजून सकाळी दोन कप काढतो म्हणाला, मग एक परत ठेवतो, आणि हे कुणाला सांगायची लाज वाटते. माझ्या बायकोचं नाव त्यानं विचारलं. मी खरं सांगितलं — मेधा. कशानं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, हार्ट. झोपेत. त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा हात खरखरीत होता, आणि गरम. कित्येक महिन्यांत मला कुणी असं धरलं नव्हतं.

आणि मी काय केलं? पुढच्या एका जेवणाला, सगळे बसलेले असताना, कुणी काही हळवं बोललं आणि मी म्हणालो, "मी अजून सकाळी दोन कप काढतो." बोललो आणि समोर वॉल्ट दिसला. मला वाटलं, संपलं. पण त्यानं फक्त सावकाश मान डोलावली. त्याला वाटलं, आपल्यासारखंच कुणीतरी आहे. त्याचं दुःख मी त्याच्यादेखत चोरलं, आणि त्याला त्यातून आधार मिळाला. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी मेधासाठी सकाळी एकदाही कप काढला नव्हता, हेही इथंच सांगून टाकतो.

फेब्रुवारीत मी धक्क्यावरच्या बर्फावरून घसरलो. पाण्याचा कॅन हातात होता. कॅनसकट खाली गेलो. तसं पाणी तुम्हाला ठाऊक नसेल, आणि नसू दे. श्वासच येत नाही. ओरडता येत नाही. वॉल्टला आवाज आला. त्या वयात तो पालथा पडला, माझी कॉलर धरली, शिडी येईपर्यंत सोडली नाही. मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. हॉस्पिटलातून मी सईला फोन केला. सईनं अर्थातच आईला.

दोन दिवसांनी भर दुपारी माझ्या बोटीबाहेर आवाज आला. मराठीत.

"अनिल? आहेस का आत?"

मेधा. जाड कोट, कानटोपी, हातात पिशवी. बोटीचा तिला तिटकारा, तरी काठ धरून चढली. आत वॉल्ट बसला होता. माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मला सँडविच करून देत होता. तो लगबगीनं उठला. हसला. ओळख करून देण्याची वाट बघत दोघं माझ्याकडे पाहू लागले.

दुसऱ्यांदा मला एक पूर्ण क्षण मिळाला.

"माझी बहीण," मी इंग्रजीत म्हणालो. आणि ती तोंड उघडणार तेवढ्यात घाईनं, "उषा."

उषा माझ्या खऱ्या बहिणीचं नाव. मेधानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता बोलेल. एका परीनं वाटत होतं, बोलावं. पण तिला काही उमगायच्या आत वॉल्टनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला होता.

"तुमच्या वहिनींबद्दल फार वाईट वाटलं," तो म्हणाला. "मेधाबद्दल. तो तिच्याविषयी खूप बोलतो. फार चांगली बाई असणार ती."

मेधानं त्याच्याकडे पाहिलं — त्याच्या ओल्या डोळ्यांकडे, बाजूला ठेवलेल्या ब्रेडच्या सुरीकडे. मग सावकाश म्हणाली, "थँक यू. ती तुम्हाला भेटली असती तर तिला आवडलं असतं."

सँडविच माझ्यापुढे ठेवून, आम्हा बहीण-भावांना बोलता यावं म्हणून, वॉल्ट त्याच्या बोटीवर गेला. मेधानं पिशवीतून खिचडीचा डबा काढला, माझा जुना लोकरी कोट काढला. कोटाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"मी कशानं गेले?" तिनं विचारलं.

मी सँडविच उचललं, परत ठेवलं.

"सांग ना. मला माहीत असायला हवं. कुणी विचारलं तर?"

"हार्ट," मी म्हणालो. "झोपेत."

तिनं मान हलवली. "बरं केलंस. त्रास नाही झाला मला."

रडली नाही. ओरडली नाही. स्टोव्ह कसा पेटवायचा ते विचारून खिचडी गरम केली, एका वाटीत वाढून घेतली आणि म्हणाली, "त्यांना देऊन येते." मला वाटलं, सांगायला निघाली. मी अडवलं नाही. तेवढीही हिंमत नव्हती. तासाभरानं आली. प्लॅस्टिकच्या पडद्याआडून मला दोघांचे आवाज ऐकू येत होते. ती त्याला रूथबद्दल विचारत होती. जेवण जातं का, रात्री झोप लागते का, मुलांशी बोलता का. मी इतके महिने त्याच्याजवळ बसलो, पण यातलं एकही विचारलं नव्हतं. मी नुसतं ऐकून घेतलं होतं, वापरता येईल म्हणून.

निघताना म्हणाली, "सईला सांगणार नाही मी. तुझ्यासाठी नाही. तिला बाप लागतो म्हणून." धक्क्यावरून ती जपून जपून, एकेक पाऊल टाकत गेली. सोबत जायला मी उठलोही नाही. वॉल्ट त्याच्या बोटीतून बाहेर आला आणि त्यानं तिला हात देऊन गाडीपर्यंत नेलं.

एप्रिलमध्ये वॉल्टनं दोऱ्या सोडल्या. बहामाला निघाला, एकटा. जाण्यापूर्वी मला मिठीत घेऊन म्हणाला, जानेवारीत एकदा वाटलं होतं, त्या पाण्यात उतरावं आणि वर येऊच नये. शेजारी तू आहेस, तुला हे माहीत आहे, एवढ्यावरच थांबलो.

हे ऐकल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. बघा, म्हटलं, खोट्यानंही कुणी वाचतं. आता तर खरं सांगणं पापच. पण हा हिशेब जुळत नाही. मेधा येऊन गेली फेब्रुवारीत. त्यानं हे सांगितलं एप्रिलमध्ये. मधल्या साऱ्या दिवसांत मी रोज त्याच्याबरोबर कॉफी प्यायलो आणि गप्प राहिलो, आणि तेव्हा मला त्या पाण्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. मी त्याच्यासाठी गप्प नव्हतो. मी माझ्यासाठी गप्प होतो.

त्या वर्षी आमचा घटस्फोट झाला. मेधा अ‍ॅशबर्नलाच असते, बरी आहे, टेकड्यांवर फिरायला जाते असं सईकडून कळतं. ती माझ्याशी सभ्यपणे बोलते. त्या दुपारचा विषय तिनं परत कधी काढला नाही. मीही माफी मागितली नाही. काय म्हणून मागणार? तुला मारलं म्हणून, की जिवंत समोर उभी असतानाही मेलेलीच राहू दिलं म्हणून?

वॉल्ट फोन करतो. आता फ्लोरिडात असतो, गुडघे कुरकुरतात म्हणतो. उषा कशी आहे, विचारतो. तिची खिचडी त्याला आठवते. मग तो रूथबद्दल बोलतो, आणि थोडा वेळ थांबतो — माझी पाळी म्हणून. आणि मी मेधाबद्दल बोलायला लागतो. ती काय म्हणायची, कशी हसायची. परवाही बोललो. छान बोललो. त्याला बरं वाटलं.