लाल ट्रे

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात तो गेज लावून नटांचे आटे तपासतो. खराब नट निघाला की "जा घरी" म्हणून लाल ट्रेत टाकतो. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. चाळिशीचा बाप्या, तरी सगळे 'बाळ' म्हणतात; माझं डोकंच फिरतं.

खंडेनवमीला आम्ही आपापली मशीनं पुजली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. त्यानंही गेज पूजेत ठेवला. सुपरवायझरनं तो उचलून परत दिला.

"हे कसलं रं हत्यार? तू पेढे वाट."

सगळे हसले. मीही हात पुढं करून पेढा घेतला.

तासाभरात तोच सुपरवायझर धावत आला. "बाळा, गाडी खोळंबलीय. एवढे नट तपास."

त्यानं जेवणाचा डबा उघडला. आत गेज, वर हळदकुंकू आणि झेंडू.

"आज न्हाई. हत्यार पूजेत हाय. जा घरी."