पिवळ्या टोप्या घालून जामनेरला

चहा घ्या आधी. आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर माझ्या दोन पदव्यांविषयी तुम्हाला वाटणारा आदर शिल्लक राहणार नाही. निदान चहा तरी गरम असू द्या.

मी महाविद्यालयात संशोधनपद्धती शिकवते. पहिल्याच तासाला सांगते, "नुसतं दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका. आधी विचारा." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

सुहासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बदलीमुळे बडोदं सोडून आम्ही जळगावला आलो, त्याला तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत आमच्या नऊ वर्षांच्या ईराला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. रविवारी ती खिडकीत बसून बडोद्याच्या गाड्यांच्या वेळा वहीत उतरवायची. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत तिचं मन रमलं नाही तर तिला बडोद्यालाच, माझ्या आईकडे ठेवायचं. 'ठरलं' म्हणायला सोपं आहे. त्या दिवशी आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही.

मग मी काय केलं असेल? तक्ता! सहकुटुंब करण्याजोगे उपक्रम. रकाने: अंतर, सावली, स्वच्छतागृह, ईराचा प्रतिसाद. सोनगीरच्या किल्ल्यावर ती म्हणाली, "दगड आहेत." बागेत म्हणाली, "झोपाळा मोडलाय." भुसावळला मुद्दाम रेल्वे दाखवायला नेलं, तर तिने एवढंच विचारलं, "यातली बडोद्याला कोणती जाते?" तो प्रतिसाद मी तक्त्यात लिहिला नाही.

अशातच एका शनिवारी शेजारच्या अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "ताई, उद्या आम्ही गल्लीना बठ्ठा जामनेरले जाई ऱ्हायनूत, नानास्नी बहीणकडे. गाडी करेल शे. येशात का?"

नाना म्हणजे आमचे घरमालक. चारच दिवसांपूर्वी घाईघाईने बहिणीकडे गेले होते.

"ईराला आणलं तर चालेल?"

"चाली ना! पोरले एकलीले कोठे ठेवशात? आन् घरथून डबा लई ल्या."

आता पुरावा पाहा. रविवार. भाड्याची गाडी. सगळी गल्ली. घरचे डबे. मुलं चालतात. कोणताही सुजाण माणूस यावरून काय निष्कर्ष काढील? शेतावरची सहल! विचारायचं काय त्यात?

सकाळी आम्ही तिघं पिवळ्या टोप्या घालून सज्ज. ईराच्या हातात बॅडमिंटनच्या दोन रॅकेट, सुहासच्या गळ्यात शिट्टी, माझ्या डब्यात श्रीखंड.

गाडीत बारा बायका, फिक्या साड्या, अवाक्षर नाही. मला वाटलं, झोप झाली नसेल. वातावरण मोकळं करणं हे सुशिक्षित माणसाचं कर्तव्य, नाही का? मी टाळी वाजवली. "चला, अंताक्षरी!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. मग फार मायेने म्हणाल्या, "येताना खेळूत, ताई."

"कोणी बोलत का नाही?" सुहास कुजबुजला.

"इथली माणसं अबोल आहेत," मी निर्वाळा दिला.

जामनेरला गाडी थांबली. दारात मांडव, सतरंज्या. अबोल बायका उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि एकदम हंबरडा फोडला! आतून तसाच हंबरडा आला. भिंतीला टेकून नाना बसले होते, कोरड्या डोळ्यांनी.

नानांच्या बहिणीला जाऊन पाच दिवस झाले होते. दुःखाच्या घरी इथे गल्ली मिळून 'दारावर' जाते. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून डबे. हे सगळ्या खानदेशाला ठाऊक होतं. अपवाद एक.

ईराला बोलवायला सुहासने शिट्टी तोंडात धरलेलीच होती. धक्क्याने त्याचा श्वास सुटला आणि ती वाजली. हंबरडा थांबला.

मी टोपी काढून पोटाशी धरली. "नाना, मला खरंच माहीत नव्हतं..."

"ऱ्हाऊ द्या मॅडम. आलात ना, तेच बठ्ठं शे. डबामा काय शे?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "श्रीखंड."

नाना डब्याकडे पाहत राहिले. "तिले भलतं आवडे," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले. अक्का माझ्या कानाशी लागल्या, "पाच दिवसमा आत्ते कोठे रडनात."

आणि ईरा कुठे? घरामागे! गेलेल्या बाईंची नात, गौरी, ईराएवढीच. दोघी बॅडमिंटन खेळत होत्या. ना हाक, ना आरोळी, ना गुण. फूल पडलं की एक जण गुपचूप उचलायची. मी दारामागून पाहत राहिले. तीन महिन्यांत ईराचे दात मला पहिल्यांदाच दिसले.

परतताना ती म्हणाली, "आई, आपण इथे पुन्हा कधी यायचं?"

"बाळा, ही पुन्हा यायची जागा नाही..."

"का बरं?" अक्का म्हणाल्या. "शुक्रवारे दहावा शे ना!"

"आणि मग?"

"तेरावा."

"आणि मग?"

"मंग वर्षश्राद्ध."

ईराने वही काढली. बडोद्याच्या गाड्यांखाली रेघ मारून तिने लिहिलं: 'जामनेर, शुक्रवार.'

"हां ताई," अक्का वळल्या, "येताना खेळूत म्हनेल व्हतं ना? म्हना."

बारा बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मला एकही गाणं आठवेना. पहिल्याच फेरीत मी बाद झाले.

शिट्टी सुहासनेच वाजवली.